बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चिमुकल्या मुलीचा, मनोरमेचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला. इकडे महाराष्ट्रात गहजब उडाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. जोतीराव फुले यांच्यासारख्या मोजक्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. एवढा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, तिच्यातली एक कबुली मात्र फारशी कुणी सांगत नाही. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, खुद्द ख्रिस्त गवसला नव्हता, आणि हे ध्यानात यायला आठ वर्षं जावी लागली, असं त्या सांगतात.

येशूकडे या, म्हणजे आनंद मिळेल, अशा पाट्या आपण भिंतींवर आणि रिक्षांच्या पाठीवर वाचतो. जात, माहेर, मित्र, प्रतिष्ठा असं सगळं पणाला लावून आलेल्या बाईला तो आनंद आठ वर्षं का मिळाला नसावा? ख्रिस्ती माणूस ज्याला आनंद म्हणतो ती नेमकी काय चीज आहे, हे समजून घ्यायला ही आठ वर्षं फार उपयोगी पडतात.

त्या काळात त्यांच्याजवळ काय नव्हतं? बुद्धी तर अशी की कलकत्त्याच्या पंडितांनी विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेल्या. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचे फादर नेहेम्या गोरे, यांच्या युक्तिवादांनी त्यांची बौद्धिक खात्री पटवली होती. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही कशासाठी करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर आलेल्या, पाच नवरे होऊन गेलेल्या, परक्या जमातीच्या बाईशी येशू बोलत बसतो, ती ही गोष्ट. रमाबाईंवर तिचा फार परिणाम झाला. पुढे अमेरिका, १८८७ सालचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं गाजलेलं पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी उघडलेलं शारदा सदन. बाहेरून पाहणाऱ्याला यात उणं काही दिसलं नसतं.

आतून मात्र त्यांचं भांडण चालूच होतं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. धर्मगुरू म्हणतात म्हणून मानायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवून घेतलेली ही बाई दुसऱ्या जोखडात ती द्यायला तयार नव्हती, आणि तसं तिने स्वच्छ लिहून कळवलं. बिचाऱ्या सिस्टरला हा सगळा अहंकार वाटला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. आनंद झाल्याचं सोंग रमाबाईंना सहज करता आलं असतं; ते त्यांनी केलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. रमाबाईंच्या हाती बायबलचा एक भाग इंग्लंडला जाण्याआधीच आला होता. आसामात सिल्चर इथे त्या पती बिपिनबिहारी मेधावी यांच्याबरोबर राहत असताना, घरातल्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. आनंदाविषयी नव्या करारात सर्वांत जास्त बोलणाऱ्या पुस्तकांपैकी लूक हे एक. त्याच्या पंधराव्या अध्यायात तीन दृष्टान्त ओळीने येतात. येशू पापी माणसांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते, त्यांना उत्तर म्हणून ते सांगितलेले आहेत. पहिल्यात शंभर मेंढरांतलं एक चुकतं. मेंढपाळ ते शोधून खांद्यावर घालून आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून आनंद करतो. दुसऱ्यात बाईचं एक नाणं हरवतं; ती दिवा लावून घर झाडते, नाणं सापडतं, आणि तीही मैत्रिणींना हाका मारते. तिसरा उधळ्या मुलाचा. तो परत येताना लांबून दिसताच म्हातारा बाप धावत सुटतो, पोसलेलं वासरू कापतो, गाणंबजावणं लावतो.

तिन्ही गोष्टींत आनंद आधी कुणाला होतो, ते पाहावं. मेंढराच्या किंवा नाण्याच्या आनंदाविषयी लूक एक अक्षर काढत नाही. आनंद शोधणाऱ्याचा आहे. ख्रिस्ती विचारात आनंद हा मूळचा देवाचा, माणसाला त्यात सामील व्हायचं बोलावणं असतं. माणूस आनंद शोधत निघाला आणि देवापाशी पोचला, असा उलगडा इथे नाहीच. देव माणसाला शोधत निघाला, सापडल्यावर खूश झाला, आणि आता पंगतीला बसा म्हणतो आहे.

त्या पंगतीला एकच माणूस बसत नाही, तो थोरला भाऊ. शेतावरून येताना त्याला गाण्याचा आवाज येतो आणि तो उंबऱ्याबाहेर रुसून उभा राहतो. हा भाऊ वाईट नाही. त्याने बापाची आज्ञा कधी मोडलेली नाही, वर्षानुवर्षं राबला आहे. पण त्याच्या मनात एक खतावणी आहे: मी एवढं केलं, मला कधी करडूदेखील मिळालं नाही, आणि ह्याने तर सगळं उडवलं. बाप त्यालाही समजावायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. गोष्ट तिथेच सोडून देतो, कारण ऐकणारे सगळे थोरलेच भाऊ होते.

रमाबाईंच्या कोंडीचा खुलासा मला या थोरल्या भावात सापडतो. त्यांचं सारं बालपण पुण्याच्या हिशेबात गेलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि धीट, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेणारे. पण कुटुंब तीर्थयात्रा करत हिंडत राहिलं, पुराणं सांगत, उपासतापास करत, होता नव्हता तो पैसा दानधर्मात घालत. पुढे १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी पडलं. आई, वडील आणि बहीण पाठोपाठ गेली. इतकं सगळं यथासांग करूनही देव पावला नाही, ही ठसठस घेऊन ती मुलगी भावाबरोबर देशभर पायी फिरली. १८८० साली भाऊही गेला. १८८२ मध्ये पटकीने पती गेले. मग नवा धर्म घेतला, तरी मनाची जुनी सवय सुटली नव्हती: आपण बरोबर समजलं पाहिजे, बरोबर मानलं पाहिजे, बरोबर वागलं पाहिजे, मग देव आपल्याला स्वीकारील. खतावणीवरचं नाव तेवढं बदललं होतं.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. या हॅसलमची हकिकत मोठी गमतीची आहे. कॉर्नवॉलमध्ये तो रीतसर दीक्षा घेतलेला पाळक होता, चर्च बांधत होता, नेमाने प्रवचनं देत होता. १८५१ साली एका रविवारी प्रवचन देता देताच त्याला उमगलं की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला स्वतःला कधी मिळालेलंच नाही. आणि ते मिळालं तेही तिथेच, व्यासपीठावर उभं असताना. श्रोत्यांतला एक जण उठून ओरडला, की पाळकाचंच परिवर्तन झालं! रमाबाईंना या माणसात आपलं चित्र दिसलं असणार. धर्म हाती असणं निराळं आणि त्या धर्माचा प्राण हाती असणं निराळं, हे त्यांना तिथून पटत गेलं.

त्यानंतर जे त्यांना मिळालं त्याचं वर्णन त्या साक्षीत करतात, आणि ते वाचताना त्यांच्या आनंदाचं कारण कळतं. हे तारण कुठल्या एका जातीसाठी किंवा पुरुषांसाठी राखून ठेवलेलं नाही. त्यासाठी कर्मकांड लागत नाही, मध्यस्थ लागत नाही, पुढच्या जन्मी पुरुष किंवा ब्राह्मण होऊन येण्याची वाट पाहावी लागत नाही. ते फुकट आहे, आणि आत्ता आहे. स्त्रीला वेदांचा अधिकार नाही हे लहानपणापासून ऐकत आलेल्या स्त्रीने हे लिहिलं आहे, हे ध्यानात ठेवलं म्हणजे त्या वाक्यांमागचा श्वास मोकळा झाल्याचं जाणवतं. ख्रिस्ती लोक ज्याला ‘कृपा’ म्हणतात ती हीच. लायकी सिद्ध करण्याचं ओझं उतरलं, की त्या जागी जे उरतं त्याला ते आनंद म्हणतात. म्हणून त्यांच्या विचारात आनंदाच्या आधी पश्चात्ताप येतो. बाहेरच्याला हे उलटं वाटतं, पण आपण कर्जबाजारी आहोत हे कबूल केल्यावाचून कर्जमाफीचं सुख कुठून कळणार?

आनंद झाला म्हणून रमाबाईंचे दिवस सोपे झाले, असं मुळीच नाही. उलट १८९३ साली शारदा सदनावर वादळ कोसळलं. मुली प्रार्थनेला येऊन बसतात, यावरून ओरड झाली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मनिरपेक्ष संस्था असं म्हणून पाठिंबा घेतला होता, तेव्हा टीकाकारांचा राग अगदीच अनाठायी होता असं मला म्हणवत नाही. पण मिळालेली गोष्ट झाकून ठेवणं रमाबाईंना आता शक्य नव्हतं.

त्या आनंदाचं पुढे काय झालं, हे पाहायचं तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं केडगाव गाठावं लागतं. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळात सापडलेल्या बाईला तिथे काय दिसलं असेल याची कल्पना करवत नाही. शेकडो मुली आणि विधवा त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्या साऱ्यांना केडगावच्या जमिनीवर नेलं, आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी सगळी कामं बायकाच करत. मनोरमेने आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाची यादी दिली आहे, तिच्यात प्रीतीनंतर लगेच आनंदाचा क्रमांक येतो, आणि पुढे सहनशीलता, ममता, इंद्रियदमन वगैरे. ख्रिस्ती भाष्यकार आवर्जून सांगतात की ही नऊ निरनिराळी फळं नव्हेत, एकच फळ आहे. म्हणजे ज्याच्याजवळ ममता नाही त्याचा आनंदही संशयास्पद. केडगावची धान्याची कोठारं आणि धुण्याचे ढीग यांच्याकडे त्या दृष्टीने पाहायला हवं.

१९०५ च्या जूनअखेरीस मात्र तिथे असं काही घडलं की पाहुणे मिशनरीही गोंधळले. त्याआधी वेल्समध्ये जागृतीची लाट आली होती, तिच्या बातम्या केडगावला पोचल्या होत्या, आणि जानेवारीपासून मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या. मग एकाएकी प्रार्थनेत मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, चुका कबूल करू लागल्या, सगळ्या एकदम मोठ्या आवाजात प्रार्थना करू लागल्या. आणि रडणं सरलं की हसणं, गाणं, टाळ्या, नाच. मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या सहकारी बाईंनी यावर पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिलं. शिस्तीच्या युरोपीय उपासनेची सवय असलेल्यांना हा प्रकार बेताल वाटला. रमाबाईंनी मुलींना अडवलं नाही. आपल्याकडच्या बायकांचं रडणं-हसणं पाश्चात्त्य मापाने मोजू नये, अशी त्यांची भूमिका होती. उपाशी मरता मरता वाचलेल्या, कुणी विकलेल्या, कुणी टाकलेल्या मुली त्या. आनंद व्यक्त करताना त्यांनी सभ्यपणे बसून राहावं, ही अपेक्षा मलाही विचित्रच वाटते.

पण आनंद म्हणजे असा उमाळाच, असं समजून चालणार नाही. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र नव्या करारातलं सर्वांत आनंदी पत्र मानलं जातं. चारच अध्याय, पण आनंदाचा उल्लेख पानोपानी. ते त्याने बेड्यांत असताना लिहिलं. आपल्याला मरण येईल की सुटका होईल, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या फिलिप्पै शहरात तो पहिल्यांदा गेला तेव्हाही त्याला फटके खावे लागले होते, आणि प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलं आहे की पाय खोड्यात अडकलेले असताना तो आणि सीला मध्यरात्री स्तोत्रं गात होते. गंमत अशी की, सर्वदा आनंद करा हा त्या पत्रातला प्रसिद्ध उपदेश येतो तो युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांना एकमेकींशी जुळवून घ्या अशी विनवणी केल्यावर लगेच. मंडळीतलं भांडण, मदत घेऊन आलेल्या एपफ्रदीताचं जिवावरचं दुखणं, पैशाची टंचाई, हे सगळं त्या पत्रात आहे. भरलेल्या पोटी आणि उपाशी पोटी, दोन्हीत तृप्त राहायला आपण शिकलो, असं पौल सांगतो. ‘शिकलो’ म्हणतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. जन्मतः आनंदी स्वभावाचा तो नव्हता.

मग खरा आनंद ओळखायचा कसा? यावर सर्वांत व्यवहारी उत्तर दिलं ते एका जखमी शिपायाने. स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत १५२१ साली तोफगोळ्याने इग्नाशियस लोयोलाचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तो कधी जुन्या स्वप्नांत रमे, दरबार, पराक्रम, एका थोर घराण्यातली स्त्री; कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जावं असं त्याच्या मनात येई. दोन्ही विचार चालू असताना सारखेच गोड लागत. फरक पडे तो नंतर. पहिला विचार ओसरला की मन कोरडं आणि खट्टू होई. दुसरा ओसरल्यावरही प्रसन्नता मागे राही. एवढ्या बारीक निरीक्षणावर त्याने पुढे आध्यात्मिक साधनेची सगळी पद्धत उभारली. कुठल्याही आनंदाचा कस तो चालू असताना लावू नये, मागाहून लावावा. आणि मन कोरडं पडलेलं असताना, आधी शांत चित्ताने घेतलेला निर्णय बदलू नये. त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाचा फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याला उतरला, तेव्हापासून ही पद्धत आपल्या किनाऱ्यावरही आहे.

कोरडेपणाचा हा नियम किती खोल जातो ते मदर तेरेसा यांच्या पत्रांवरून जगाला कळलं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, ती पत्रं प्रसिद्ध झाली. कलकत्त्याचं काम सुरू झाल्यावर अनेक दशकं आपल्याला देवाचं सान्निध्य जाणवत नाही, आत अंधार आहे, असं त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहीत होत्या. आणि इकडे भगिनींना हसतमुख राहायला सांगत होत्या. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला ते पटत नाही. अंधार त्यांनी लपवला नाही, जिथे सांगायचा तिथे सांगितला. आणि काम सोडलं नाही. पण या पत्रांमुळे एक गोष्ट कायमची स्पष्ट झाली. श्रद्धेतला आनंद ही चोवीस तास टिकणारी भावना आहे, असं कुणी सांगत असेल तर तो ख्रिस्ती परंपरेतल्या मोठमोठ्या माणसांचा अनुभव बाजूला ठेवून बोलतो आहे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. त्यानंतर त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या महिन्यांत त्या आनंदी होत्या का, हा प्रश्नच मला थोडा निर्दय वाटतो.

कृपा, शरण जाणं, नामात न्हाऊन निघणं, हे सगळं आमच्या संतांनी सांगितलेलं नाही का, असं मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आलंच असेल. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ते मोकळेपणाने मान्य केलं होतं. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला; डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साडेचार वर्षांच्या ताटातुटीने मोजली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे सांगायला नको. एकाच्या आनंदाने दुसऱ्याचं घर मोडू शकतं, हे त्या पुस्तकात लपवलेलं नाही. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला त्याच श्रद्धेकडे आल्या, आणि आल्यावरही त्यांची थट्टा करण्याची सवय गेली नाही.

टिळकांना एक गोष्ट सलत होती. चर्चमध्ये लोक साहेबी चालीवर, अनुवादित गीतं म्हणत. त्यांत मराठी माणसाचा जीव रमत नसे. अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात त्यांच्या आधीच झाली होती. टिळकांनी त्याला अभंग आणि पदं पुरवली, ख्रिस्ताला माउली म्हटलं, आणि टाळमृदंगाला उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली. १९१७ साली त्यांनी मिशनचं वेतन सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही, एवढ्या बाबतीत त्यांनी बऱ्याच धर्मगुरूंना अडचणीत टाकलं. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि दरबार मोडला. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. भजनं मात्र मंडळ्यांनी सोडली नाहीत. मराठी प्रोटेस्टंट चर्चांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची पदं मोठ्या संख्येने आहेत, आणि रविवारी ती पेटी-तबल्यावर म्हटली जातात.